गुडघे वाजतात म्हणून उठबस बंद करू नका

तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात आणि दारावरची बेल वाजली. तुम्ही कसे उठता? झटकन, की आधी जमिनीवर हात टेकून 'आई गं' म्हणत?

या दोन सेकंदांत तुमच्या शरीरातलं सर्वांत लांब हाड, सर्वांत मोठा सांधा आणि सर्वांत मोठा स्नायू, तिघंही एकदम कामाला लागतात. चला, या तिघांची ओळख करून घेऊ या.

हाडं : सांगाडा नव्हे, जिवंत घर

जन्मतः बाळाच्या शरीरात सुमारे ३०० हाडं असतात. वाढताना काही एकमेकांना जुळतात आणि मोठेपणी २०६ उरतात. त्यांतलं सर्वांत लांब हाड मांडीचं, तर सर्वांत लहान कानातलं, जेमतेम ३ मिलिमीटरचं.

हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. ते सतत झिजतं आणि नव्याने भरलं जातं. भार पडला की ते मजबूत होतं, भार गेला की विरळ होतं. म्हणूनच अंतराळात वजनविरहित राहणाऱ्या अंतराळवीरांची हाडं कमकुवत होतात. हाडांची ही बचत साधारण तिशीपर्यंत वाढते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर ती वेगाने घटते.

सांधे : हालचाल हेच वंगण

खुब्याचा सांधा उखळीसारखा, सगळीकडे फिरणारा. गुडघ्याचा बिजागरीसारखा, मुख्यतः दुमडणारा आणि सरळ होणारा. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि हालचाल झाली की तो द्रव तिच्यात नीट खेळतो.

गुडघा नुसताच कटकट वाजत असेल, दुखत किंवा सुजत नसेल, तर सहसा घाबरण्याचं कारण नसतं.

स्नायू : फक्त ओढतात, ढकलत नाहीत

शरीरात ६०० हून अधिक स्नायू आहेत. स्नायू आकसून हाडाला ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ते जोडीने काम करतात. मांडीच्या पुढचे चार स्नायू गुडघा सरळ करतात, मागचे तो दुमडतात. सर्वांत मोठा स्नायू नितंबाचा. उभं राहताना तोच आपल्याला वर उचलतो.

खरी अडचण इथेच सुरू होते. गुडघा दुखतो म्हणून आजी खाली बसणं सोडतात, मग जिने, मग फिरणं. मांडीचे स्नायू अशक्त होतात, गुडघ्याचा आधार जातो आणि दुखणं आणखी वाढतं. तोल सांभाळणं अवघड होतं, पडण्याची भीती वाढते. आपणही प्रेमापोटी म्हणतो, 'तुम्ही बसा, मी आणते.' ही काळजी रोजचीच झाली, तर त्यांची उरलीसुरली हालचालही थांबते.

घरच्या घरी काय कराल?

• भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, शक्यतो हात न टेकता, १० वेळा उठा-बसा. जमत नसेल तर आधार घ्या.
• झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. ती गुडघ्याने ५ सेकंद दाबा, सोडा. असं १० वेळा करा.
• ओट्याला धरून टाचा वर-खाली करा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हा व्यायाम सहज होतो.
• आहारात दूध, दही, नाचणी, तीळ, डाळी ठेवा. थोडं ऊनही अंगावर घ्या.

गुडघा सुजला, लाल व गरम झाला, अडकला किंवा पडल्यानंतर पाय टेकवेना, तर मात्र व्यायाम नको, आधी डॉक्टर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर व्यायाम विचारूनच करा.

आज संध्याकाळी आजी पाणी आणायला उठल्या, तर त्यांना लगेच बसवू नका. हवं तर हात द्या, पण उठू द्या.