वस्तऱ्याला हातच लागतो

जुना, गंजलेला वस्तरा घासूनपुसून, त्याला नवी मूठ बसवून पुन्हा दाढीला लायक करण्याचा छंद अनेक देशांत रुजला आहे. बघणाऱ्याला ही गेलेल्या काळाची हौस वाटते. कौतुक करणारेही हाताने काम करण्यातल्या समाधानापाशीच थांबतात. पण या कामात हात वापरण्याची अट भावनेने घातलेली नाही, ती धातूने घातली आहे. पात्याचे पोलाद, त्याचा आकार आणि मुठीचा पदार्थ या तिन्ही ठिकाणी चुकीला फार थोडी जागा असते. घाईचे यंत्र ती मर्यादा क्षणात ओलांडते आणि मग झालेले नुकसान भरून निघत नाही.

आधी पोलाद पाहू. वस्तऱ्याच्या पोलादात साधारण एक टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो. असे पोलाद एकजिनसी करण्याची मुशीची पद्धत बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात शेफील्डजवळ बसवली आणि ते शहर वस्तऱ्यांसाठी नावाजले गेले. भारतात मुशीतले पोलाद त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते. १७९०च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. तिथला सुऱ्या-कात्र्यांचा कारागीर जेम्स स्टोडार्ट याने ते पोलाद घडवून पाहिले. पुढे १८२०च्या सुमारास त्याने मायकेल फॅरेडेसोबत पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी हे त्यांतलेच एक मिश्रण. शेवटी धारेचे गुण पोलादाच्या अंतर्रचनेत असतात.

ही रचना उष्णतेने घडते आणि उष्णतेनेच मोडते. पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड केले की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत अडकतात आणि मार्टेन्साइट ही अतिकठीण, पण ठिसूळ रचना तयार होते. मग ते दीडशे-दोनशे अंशांवर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करतात. पोलादाला पाणी देणे म्हणतात ते हेच. नंतर पाते त्याहून जास्त तापले की पाणी उतरते. धारेजवळ पात्याची जाडी मिलिमीटरचा अंशभर असते; तिथे बफिंगच्या चाकाने निर्माण केलेली उष्णता वाहून न्यायला पुरेसा धातूच नसतो. सव्वादोनशे अंशांच्या आसपास पिवळट झाक येते, तीनशेच्या जवळ निळी. निळी झाक आलेली धार टिकत नाही. असे पाते पुन्हा तापवून पाणी द्यावे, तर इतका पातळ पत्रा बहुधा वाकतो. म्हणूनच कारखान्यात पाणी आधी देत आणि पात्याच्या बाजू खोलगट करणारी पोकळ घासणी नंतर करत. हाताने ओला पॉलिश पेपर फिरवताना मात्र पाते गरम होऊ लागले की बोटांना आधी कळते.

दुसरी मर्यादा आकाराची. धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, म्हणजे धारेचा कोन पात्याच्या घडणीतच ठरलेला असतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर कोन सुमारे १६ अंश भरतो. गंज काढण्याच्या भरात पाठ अर्धा मिलिमीटर उतरली, की तोच कोन १४ अंशांच्या घरात येतो आणि धार दुबळी होते. धार केसानेही कशी तुटते ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या २०२०मधल्या संशोधनावरून समजते. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ, तरीही तो विशिष्ट कोनात वाकला आणि त्या जागी पोलादाची रचना असमान असली, तर धारेचा कपचा उडतो. तो अभ्यास वापरून फेकून द्यायच्या पात्यांवर झाला होता, पण सूक्ष्म रचना राखण्याचे महत्त्व जुन्या पात्यालाही लागू होते.

तिसरी गोष्ट मुठीची, आणि तिला केवळ शोभेची वस्तू मानणे ही मोठी चूक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक मुठी सेल्युलॉइडच्या होऊ लागल्या. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचा हा पदार्थ जुना झाला की कुजतो, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात आणि हवेतल्या ओलाव्यात त्यांचे आम्ल बनते. मिटलेले पाते नेमके त्याच दोन पट्ट्यांमध्ये असते, त्यामुळे मूठच पात्याला खाऊ लागते. म्हणून नवी मूठ घडवणे हा दुरुस्तीचाच भाग ठरतो. म्हशीचे शिंग तापवल्यावर मऊ होते आणि दाबून सरळ करता येते, पण कोरड्या हवेत ते वाकू शकते. लाकूड दमट हवेत आडवे फुगते. मुठीच्या शेपटाकडे बसवलेली पाचर दोन पट्ट्यांना किंचित बाक देते, म्हणजे धार कुठेही न घासता पाते मधोमध मिटते. पाचर कागदाच्या जाडीइतकी चुकली तरी पाते कलते. दीडेक मिलिमीटरची पितळी तार हलक्या ठोक्यांनी फुलवून रिव्हेट करावी लागते. एक ठोका जोरात बसला तर पट्टी तडकते.

यावर आक्षेप आहेत. हे वस्तरे मुळात चाकांवरच घासले गेले होते, मग यंत्राचे वावडे का? चाकाशी वैर नाहीच. कारखान्यात एकसारखी नवी पाती पाण्याच्या धारेखाली कसलेले कामगार घासत. जुने प्रत्येक पाते मात्र वेगळ्या जागी झिजलेले असते, त्याला एकच साचा चालत नाही. दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो पूर्णपणे मान्य करायला हवा. रक्तातून पसरणाऱ्या रोगांमुळे सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे पाते हेच योग्य. शिंगाची मूठ वाफेच्या निर्जंतुकीकरणात टिकत नाही. असा वस्तरा एकाच माणसाने वापरावा. तिसरा आक्षेप असा, की दुरुस्तीत इतिहास पुसला जातो. दुर्मीळ नमुन्याबाबत हे खरे आहे. तो संग्रहालयाच्या जाणकारांकडेच द्यावा. पण हजारोंनी बनलेल्या साध्या वस्तऱ्यावरचा तांबडा गंज जपण्यात इतिहास वाचत नाही, पाते मात्र जाते.

तेव्हा घरात जुना वस्तरा सापडला, तर आधी मूठ तपासावी. सेल्युलॉइडला भेगा पडल्या असतील किंवा कापराचा उग्र वास येत असेल, तर पाते लगेच वेगळे करावे, कोरडे पुसून तेलाचा हात द्यावा. व्हिनेगरसारख्या आम्लात रात्रभर बुडवण्याचा मोह टाळावा; त्यातून सुटणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो. गंजाचा खड्डा थेट धारेवर असेल, तर तितकी धार काढून टाकण्यावाचून इलाज नाही. पाठीवरचा खड्डा तसाच राहू द्यावा, त्याने दाढी अडत नाही. किती घासायचे यापेक्षा कुठे थांबायचे हे ओळखणे, यातच या कामाचे सारे विज्ञान आहे.