शाल पुरे, ऑर्डर द्या

सिल्वासात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. कुठे सांस्कृतिक कार्यक्रम ठरला की आदल्या दिवशी धावपळ सुरू होते. पाहुण्यांना भेट द्यायला वारली चित्रं हवीत, काच लावून, संध्याकाळपर्यंत. मला पैसे मिळतात. चित्र काढणाऱ्याला बहुतेक वेळा शाल आणि श्रीफळ.

प्रात्यक्षिक पाहिलंय तुम्ही? कलाकार गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढऱ्या आकृत्या काढतो, लोक सेल्फी घेतात. एखादा विचारतो, ‘कितीला?’ कलाकार आयोजकाच्या तोंडाकडे बघतो. भाव आधी ठरवलेलाच नसतो.

पूर्वी भावाचा प्रश्नच नव्हता: भिंतीवरचा लग्नाचा चौक विकता येत नव्हता. तो सवासिणी काढत. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारली पाड्यांत कागद नेला, आणि 1975 मध्ये डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली. गिऱ्हाईक चित्रासमोर आलं, भाव ठरू लागला. मशेंना पद्मश्री मिळाली ती 2011 मध्ये, बाजार कधीचाच उभा राहिल्यावर.

म्हणून मला दिल्ली हाट आवडतं. 1994 पासून तिथे कारागिरांना पंधरा-पंधरा दिवस पाळीने गाळे मिळतात. पंधरा दिवसांत कळतं काय खपतं, घासाघीस कुठे थांबवायची. आपल्याकडे दीपप्रज्वलन आणि भाषणांतच दुपार होते.

तारपा या वाद्याचं मात्र वेगळं. सुका दुधी, बांबू, ताडाचं पान, मेण. एवढं मोठं वाद्य प्रवासी कुठे नेणार? मग शोकेससाठी न वाजणारे छोटे तारपे बनतात. मला ते बघवत नाहीत. त्यापेक्षा इथल्या संग्रहालयाच्या अंगणात रविवारी फी घेऊन वाजवायला शिकवा, फी वादकाला द्या. तिथल्या कपाटातल्या वाद्याकडेही मग लोक नीट बघतील.

आयोजक भेटले की मी एवढंच सांगतो: छोटी, परवडणारी चित्रंही ठेवा, भावाची चिठ्ठी लावा, मागे कलाकाराचा मोबाइल लिहा, क्यूआर त्याच्याच खात्याचा असू द्या. आणि आयोजक संस्थेने स्वतःचं कॅलेंडर तरी या कलाकारांकडून करून घ्यावं, आगाऊ रक्कम देऊन.

खानवेलकडची एक मुलगी मागे दुकानात आली. प्रदर्शनात भेटलेल्या बाईंनी हॉटेलच्या खोल्यांसाठी चित्रं सांगितली होती. ‘दादा, ॲडव्हान्स किती मागू?’ म्हटलं, निम्मा माग. तिने मागितला, मिळालाही. फ्रेमा मात्र माझ्याकडून उधारीवर नेल्या.