रांगेत आपला नंबर कितवा?

‘बँकेचा बाँड म्हणजे जरा जास्त व्याजाची मुदत ठेव’

हा गैरसमज आधी घ्यायला हवा, कारण त्यापायी अनेक निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी गेली. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. खात्यातून ५० हजारांपेक्षा जास्त काढता येईना, तेव्हा ठेवीदारांच्या तोंडचं पाणी पळालं. पण दोन आठवड्यांच्या आत निर्बंध उठले आणि ठेवी सहीसलामत राहिल्या. बुडाले ते ‘एटी-१’ बाँडवाले. त्यांचे सुमारे ८,४१५ कोटी रुपये बँकेने एका निर्णयासरशी निर्लेखित केले, म्हणजे देणं म्हणून वहीतून पुसूनच टाकले.

ठेव आणि हा बाँड यांच्यावर नाव एकाच बँकेचं असलं, तरी करार वेगवेगळे असतात. बँक बुडाली तर ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा आहे, बाँडवर तो नाही. शिवाय एटी-१ला मुदतच नसते. बँक ठरावीक वर्षांनी तो परत घेऊ शकते, पण घेईलच असं बंधन नाही. तोट्यात असेल तर ती व्याज चुकवू शकते, आणि बँक तगणार नाही असं रिझर्व्ह बँकेला वाटलं तर मुद्दलही शून्य होऊ शकतं. बँकेचा तोटा अंगावर घेण्यासाठीच हा कागद जन्माला आला आहे. ते जादा व्याज त्या जोखमीची किंमत होती. विकताना किती जणांना हे कुणी समजावून सांगितलं?

येस बँकेत तर एरवी रांगेत सगळ्यात मागे असणाऱ्या शेअरधारकांचे शेअर राहिले (शंभराहून अधिक असतील तर त्यातले ७५ टक्के तीन वर्षं विकता येणार नव्हते) आणि एटी-१ बाँडधारकांच्या हाती काहीच उरलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्लेखन रद्द ठरवलं आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान बाजार नियामक सेबीने ऑक्टोबर २०२०मध्ये असे बाँड किमान एक कोटीच्या पटीतच विकायचा नियम केला, म्हणजे सामान्य माणूस त्यांपासून लांब राहावा. हा नियम कितीतरी आधी यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

‘कंपनी मोठी आहे, काहीतरी मिळेलच’

कंपनी दिवाळखोरीत गेली की घेणेकऱ्यांची रांग लागते. प्रक्रियेचा खर्च आधी, मग कामगारांची थकबाकी आणि तारण असलेलं कर्ज, त्यानंतर विनातारण कर्ज, मग सरकारी देणी. सामान्य शेअरधारक सगळ्यात शेवटी. कंपनी चांगली चालते तेव्हा नफ्याचा अमर्याद वाटा त्याचाच असतो. मागे उभं राहण्याचा तो मोबदला. दिवाळखोरीत गेलेल्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीची मालकी बदलली तेव्हा जुन्या शेअरधारकांचा वाटा शून्य ठरला आणि २०२१मध्ये शेअर बाजारातून काढून टाकला गेला. रोखेधारक आणि ठेवीदार रांगेत त्यांच्या पुढे होते, पण सगळ्यांनाच पूर्ण रक्कम मिळाली असं नाही. म्हणूनच ‘सिक्युअर्ड’ शब्दाने भुलू नये. त्याचा अर्थ इतकाच की कंपनीच्या मालमत्तेवर तुमचा हक्क आधी आहे. ती मालमत्ता कितीला विकली जाईल आणि त्यात किती वर्षं जातील, याची हमी त्या शब्दात नाही.

‘एएए म्हणजे बुडणार नाही’

पतमानांकन हे त्या दिवशीचं मत असतं. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसच्या कर्जाला २०१८च्या मध्यापर्यंत ‘एएए’ हे सर्वोच्च मानांकन होतं, सप्टेंबरमध्ये ते ‘डी’ झालं, म्हणजे परतफेड थकली. हे रोखे थेट घेणारे तर अडकलेच, पण ‘कर्जरोखे आहेत, धोका नाही’ म्हणून म्युच्युअल फंडाच्या रोखे योजनांत पैसे ठेवणाऱ्यांनाही त्याची झळ बसली.

‘सेबीने मंजूर केलं आहे’

ही समजूत जुन्या काळातून आली असावी. १९४७च्या कायद्याखाली कंपनीने शेअर किती भावाला विकावा, यावर दिल्लीतल्या सरकारी नियंत्रकाचा शब्द चाले. १९९२मध्ये तो कायदा गेला. आता सेबी पाहते ती माहिती पुरेशी दिली आहे का एवढंच. भाव रास्त आहे की नाही हे ती सांगत नाही, आणि आयपीओच्या माहितीपत्रकातही तसं स्पष्ट छापलेलं असतं. नोव्हेंबर २०२१मध्ये पेटीएमचा शेअर २,१५० रुपयांना विकला गेला आणि बाजारात आल्या दिवशीच १,५६४ रुपयांवर बंद झाला. असा भाव पडणं म्हणजे नियमभंग नव्हे.

‘सरकारी रोख्यात तोटा होतच नाही’

रुपयांत दिलेलं वचन सरकार पाळेल, हे मान्य. पण समजा, दहा वर्षं मुदतीचा, सात टक्के व्याजाचा शंभर रुपयांचा रोखा तुम्ही घेतला आणि लगेच बाजारातला दर आठ टक्के झाला. आता तुमचा सात टक्केवाला कागद शंभरला कोण घेईल? त्याची किंमत साधारण ९३ रुपयांवर येते. दर सहा झाला तर तोच कागद १०७च्या आसपास जातो. मुदत जितकी लांब, तितका हा हेलकावा मोठा. दहा वर्षं थांबलात तर पूर्ण शंभर मिळतील. मधेच मुलीचं लग्न किंवा हॉस्पिटलचं बिल निघालं, तर बाजार त्या दिवशी देईल तो भाव घ्यावा लागेल.