रंगूनची दादी

आमच्या घरात नारळ मोजायचं काम दादीकडे असे. पडवीत ढीग पडला की ती खाली बसायची आणि हळू आवाजात सुरू करायची : तित, न्हित, थोन, ले, ङा... आम्ही पोरं मागे उभी राहून तिची नक्कल करायचो. ती कधी रागावली नाही. ती बर्मी भाषा होती, तिच्या आईची होती, एवढं समजायला आम्हांला फार वर्षं लागली.

दादीचा जन्म रंगूनचा. वडील कोकणातून पोटासाठी तिकडे गेलेले, आई बर्मी मुसलमान. तेव्हाचं रंगून म्हणजे अर्धा हिंदुस्तानच. 1931 च्या खानेसुमारीत शहरातले निम्म्याहून जास्त रहिवासी हिंदी होते. आमचे दादा बंदरावर कारकून होते. 1937 मध्ये बर्मा हिंदुस्तानपासून वेगळा झाला, पण त्यांच्या गल्लीत त्याने काही फरक पडला नाही, असं दादी सांगायची.

फरक पडला तो 23 डिसेंबर 1941 च्या सकाळी. जपानी विमानं आली तेव्हा लोक लपायचं सोडून रस्त्यावर येऊन वर बघत राहिले. दादीही सज्जात उभी होती, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. त्या दिवशी शेकडो माणसं जागेवर मेली. 25 तारखेला पुन्हा बॉम्ब पडले आणि दादांनी निघायचं ठरवलं. बोटीचं तिकीट मिळणं शक्य नव्हतं. मग आगगाडीने प्रोम, तिथून इरावती ओलांडून आराकानच्या डोंगरातून पायी तौंगुप. शंभर मैलांहून जास्त वाट. दादीची आई आली नाही. “मी माझ्याच मुलुखात आहे, मी कुठे जाऊ?” एवढंच म्हणाली. दोघींची पुन्हा भेट नाही, पत्र नाही.

त्या वर्षी चारेक लाख हिंदी लोक बर्मा सोडून आले. वाटेत किती गेले याचा पुरा हिशेब कोणी ठेवला नाही. मणिपूरकडच्या वाटेवर गोऱ्यांसाठी एक रस्ता आणि काळ्यांसाठी दुसरा, यावरून हिंदुस्तानात मोठा गदारोळ उठला होता. दादी त्या वाटेने आली नाही. तिच्या वाटेवर कॉलरा होता.

अक्याब, चितगाव, कलकत्ता, मुंबई, मग बोटीने दाभोळ आणि तिथून वाशिष्ठीच्या खाडीतून मचव्याने गाव. सासरी तिचं नाव पडलं ‘रंगूनवाली’. तांदळाची भाकरी थापता येत नाही, चालणं वेगळं, बोलणं वेगळं. आज वाटतं, घरच्यांनी थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं. सुक्या मासळीने मात्र तिला लवकर आपलंसं केलं. तो वास दोन्ही किनाऱ्यांना सारखाच. आणि नारळाच्या दुधातले तिचे खाऊसे खायला तीच नावं ठेवणारी मंडळी पहिली हजर असायची.

एकदा डोळ्यांच्या इलाजासाठी आम्ही तिला रत्नागिरीला नेलं होतं. थिबा पॅलेस बघायचा तिने हट्टच धरला. इंग्रजांनी बर्माच्या शेवटच्या राजाला इथे आणून ठेवलं, तो 1916 मध्ये इथेच वारला. बराच वेळ बघून ती म्हणाली, “आमचा राजा इथे आणला, तुमचा बादशहा तिकडे नेला.” बहादूरशहा जफरच्या मजारवर ती लहानपणी वडिलांबरोबर फातेहा पढायला जायची. ‘आमचा’ आणि ‘तुमचा’ असं ती त्या एका दिवशीच बोलली. एरवी गाव तिचंच होतं.

दर रमजानच्या सत्ताविसाव्या रात्रीआधी दादी एका लहान मुलाचे नवे कपडे घ्यायची आणि गावातल्या कुठल्यातरी गरीब घरी पोचते करायची. सदका म्हणून, असंच आम्ही धरून चाललो होतो. ती अल्लाहला प्यारी झाल्यावर चाळिसाव्याच्या दिवशी फुफीने सांगितलं. तिला लहानपणापासून एक गोष्ट खटकायची : माप दरवर्षी तेच. एकदा विचारलं तेव्हा दादीने सगळं सांगितलं. तौंगुपच्या घाटात मुलाला जुलाब लागले, रात्र काढली नाही. कफन कुठून आणणार? दादीकडे दोन लुंग्या होत्या, त्यातली चांगली तिने फाडली. दादांनी वाटेतल्या तीन अनोळखी मुसलमानांना थांबवून जनाज्याची नमाज पढली, एका झाडाखाली कबर केली आणि दिवस वर यायच्या आत पुढे निघाले. मागे वळून बघितलं तर झाड ओळखता आलं नाही, दादी म्हणाली होती.

दादीची तीन मुलं गावात झाली. घरातल्या शजऱ्यात तीनच नावं आहेत.

यंदा आम्ही भावंडांनी तो शजरा नव्याने लिहायला घेतला आहे. फुफीला आपल्या थोरल्या भावाचं नाव माहीत नाही. त्या दिवशी विचारायची हिंमत झाली नाही, म्हणते. दादांच्या मुलांत सर्वांत वर आम्ही एक ओळ मोकळी सोडली आहे. दादीच्या आईच्या जागी दुसरी.