घाटंजीचे मत कुठे जाते?

विदर्भातल्या लहान गावांना राजकारणाचे वेड असते असे म्हणतात. घाटंजीत तीस-पस्तीस वर्षे शिकवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला ते वेगळे सांगायला नको. इथल्या पानठेल्यावर उभे राहावे, अर्धा कप चहा मागवावा आणि कान उघडे ठेवावेत. नगरपरिषदेपासून दिल्लीपर्यंतचा निकाल तिथेच लागतो. पण या वेडामागे काही इतिहास आहे आणि अलीकडे त्याला एक दुखरी किनारही आली आहे.

यवतमाळच्या आग्नेयेला, वाघाडी नदीच्या काठावर वसलेले हे गाव. वस्ती वीस हजारांच्या आसपास. वऱ्हाडच्या जुन्या कागदपत्रांत यवतमाळ जिल्ह्याचे तालुके पाचच : यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी आणि पुसद. घाटंजीचे नाव त्यात नाही. तालुक्याचा मान पुढे कितीतरी वर्षांनी मिळाला. रेल्वे तर आलीच नाही. मूर्तिजापूरहून निघालेली ती चिमुकली शकुंतला यवतमाळला पोचली आणि तिथेच थांबली. घाटंजीच्या कापसाला बैलगाडीशिवाय आणि पुढे ट्रकशिवाय सोबती नव्हता.

या कापसानेच गावाला राजकारण शिकवले, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७२च्या हंगामापासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्याला कापूस विकणे बंद, सरकारलाच विकायचा. संकलन केंद्रासमोर गाड्यांची रांग लागे. रात्र गाडीखाली, थंडीत, घरून आणलेल्या भाकरीवर. सकाळी ग्रेडर येणार, बोंडातला कापूस चिमटीत धरून पाहणार आणि प्रत ठरवणार. त्या एका चिमटीवर वर्षभराचा हिशेब! मग काटा, मग पावती, मग चुकाऱ्याची वाट. चुकारा हाती येईपर्यंत सोसायटीचे कर्ज त्यातून वळते झालेले असे. या रांगेत शेतकरी जे बोलला, ते कुठल्या सभेत बोलला नसेल. ज्याच्या शब्दावर गाडी चार नंबर पुढे सरकते तो पुढारी, ही व्याख्या तिथे तयार झाली आणि योजना गुंडाळली गेल्यावरही ती टिकून आहे.

दुसरे कारण मतदारसंघाचे. घाटंजी ज्या विधानसभा मतदारसंघात येते तो आर्णी मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. गोंड, कोलाम, परधान यांची ही जुनी भूमी. तेव्हा त्यात वावगे काहीच नाही, उलट ते न्यायाचेच आहे. पण त्याचा एक परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही. बाजारपेठेतल्या किंवा बिगर आदिवासी शेतकरी घरातल्या महत्त्वाकांक्षी माणसाला आमदारकीची वाट नाही. मग त्याची सगळी ताकद नगरपरिषद, कृषी उत्पन्न बाजार समिती, खरेदी-विक्री संघ आणि सेवा सोसायटी यांत ओतली जाते. म्हणून इथे आमदारकीपेक्षा नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीचा रंग अधिक गडद. भाऊबंदकी, जावईबापू, एकाच ओसरीवरचे दोन झेंडे, सगळे तिथे दिसते.

तिसरी गोष्ट दिल्लीची. २००८च्या पुनर्रचनेत वणी आणि आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातले दोन विधानसभा मतदारसंघ चंद्रपूर लोकसभेला जोडले गेले. चंद्रपूर इथून सरळ रेषेतसुद्धा शंभर किलोमीटरच्या पलीकडे! कचेरी यवतमाळला, मोठा दवाखाना यवतमाळला, खासदार मात्र चंद्रपूरचा. तालुक्याला लागून टिपेश्वरचे अभयारण्य आहे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. रानाच्या कडेच्या शेतात एकटे जागलीला जायला लोक कचरतात. तिकडचा एक म्हातारा मला म्हणाला होता, "गुरुजी, कलेक्टर यवतमाळचा, खासदार चांद्याचा, अन् वाघ तेवढा आमचा!"

हसण्यावारी नेले तरी २०२३-२४ साली ही थट्टा अंगावर आली. खासदार बाळू धानोरकर यांचे ३० मे २०२३ रोजी निधन झाले. पोटनिवडणूक झाली नाही. जून २०२४मध्ये प्रतिभा धानोरकर निवडून येईपर्यंत जागा वर्षभर रिकामी राहिली. त्याच सुमारास गावातही निवडून दिलेला कुणी उरला नव्हता. २०१६मध्ये निवडलेल्या नगरपरिषदांची मुदत संपली होती, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला होता आणि प्रशासक कारभार पाहत होते. जिल्हा परिषदेची मुदतही मार्च २०२२मध्ये संपलेली. म्हणजे राजकारणावर एवढे प्रेम करणाऱ्या माणसाने नळाला पाणी नाही हे सांगायचे कुणाला? आमदाराला! किंवा टेबलामागच्या साहेबाला. साहेब वाईट असतो असे नव्हे. पण पुढच्या वेळी मते मागायला तो दारात येणार नसतो, आणि हे त्यालाही ठाऊक असते.

पोळ्याच्या दिवशी आमच्या भागात बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणतात. शेतमालाचा भाव, सावकार, पुढारी, कुणालाच त्यात सोडत नाहीत. नगरसेवक गर्दीत उभे राहून स्वतःवरची झडती ऐकत, ओशाळे हसत. खुर्च्याच रिकाम्या असल्या तर ती झडती ऐकून ओशाळायचे कुणी?

न्यायालयाने ६ मे २०२५ला निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबरात राज्यातल्या नगरपरिषदांचे मतदान झाले. चार वर्षांनी शहरांना नगरसेवक मिळाले, थेट निवडलेला नगराध्यक्ष मिळाला. जिल्हा परिषदेची निवडणूक मात्र २०२५ सरेपर्यंत झाली नव्हती. रानाच्या कडेला कोलामांचे पोड आहेत. पंधरा-वीस घरे, एखादी शाळा, एखादा हातपंप. तिथली शाळा आणि आरोग्य उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे. नगरपरिषदेच्या मतपत्रिकेशी त्या घरांचा संबंध नाही. पंप बंद पडला तर पोडातला माणूस आजही आधी ग्रामपंचायतीत जातो, तिथून पंचायत समितीच्या कचेरीत, आणि साहेब दौऱ्यावर असले तर संध्याकाळच्या एसटीने परत फिरतो.