धानाच्या बांधीतला सारस

पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांधीत माणसाच्या खांद्याला लागेल एवढा पक्षी उभा दिसला, तर तो सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच दुसरा नाही. अंग राखाडी, डोके आणि मानेचा वरचा भाग लालभडक, पाय गुलाबीसर. जोडीसोबत तपकिरी डोक्याचा तिसरा पक्षी असेल तर ते त्यांचे पिल्लू.

फसगत होते ती राखी बगळ्याशी. उडताना बगळा मान दुमडून घेतो, सारस ती सरळ पुढे ताणतो. करकोचेही मान ताणतात, पण ते झाडावर बसतात. सारस बसत नाही. त्याच्या पायाचे मागचे बोट आखूड आणि वर असते, त्यामुळे फांदी पकडता येत नाही. झाडावर ‘सारस’ पाहिल्याचे कोणी सांगितले, तर तो खात्रीने दुसरा पक्षी!

धुक्यात कानांवर भिस्त ठेवावी. त्याची लांबलचक श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असते, म्हणून आवाज दूरवर घुमतो. जोडी एकत्र साद घालते, तेव्हा नराच्या एका हाकेला मादी दोनदा उत्तर देते.

घरटे धानातच, पाण्यात गवताचा ढीग रचून केलेले. अंडी बहुधा दोन, उबवायला महिनाभर. फोटोसाठी कोणी जवळ गेले की जोडी उठते आणि कावळ्या-कुत्र्यांचे फावते. दुर्बीण घ्यावी, दूरच्या बांधावर थांबावे. महाराष्ट्रात हा पक्षी गोंदिया-भंडारा पट्ट्यातच, तोही मोजकाच उरला आहे. एकेक अंडे मोलाचे.

विजेच्या तारांनी सारस मरतात, तसे कीटकनाशकांनीही. जानेवारी 2000 मध्ये राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानालगत गव्हाच्या शेतात सारस मरून पडले. कारण निघाले मोनोक्रोटोफॉस. हे औषध मज्जातंतूंचे संदेश वेळीच थांबवणाऱ्या एन्झाइमला निकामी करते. तेच एन्झाइम माणसातही असते. फवारणीनंतर लाळ गळणे, बाहुल्या टाचणीएवढ्या होणे, धाप लागणे ही त्याच बिघाडाची लक्षणे. अशा माणसाचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह तातडीने रुग्णालयात न्यावे.

शेतात सारस लटपटताना किंवा मरून पडलेला दिसला, तर उघड्या हातांनी उचलू नये. वनविभागाचा 1926 हा क्रमांक फिरवावा आणि त्या बांधीत त्या दिवशी कोणाला उतरू देऊ नये.