रायगड : पायऱ्यांनी की रोपवेने?

(द्वितीय वर्ष, कला)

सहलीची सूचना फलकावर लागली की आपल्या वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, रायगड पायीच चढला पाहिजे. दुसरा म्हणतो, चार-पाच मिनिटांत वर जाता येत असताना दोन तास घाम कशाला गाळायचा? वाद तावातावाने होतो. पण हे दोन रस्ते गडात कोठून शिरतात, हे मात्र कोणी विचारत नाही.

रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. पाचाडच्या बाजूने चित् दरवाजापासून चढ सुरू होतो आणि चौदाशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. आपण सांगवीकर सपाटीची माणसे. कालव्याच्या भरावावरून दोन कोस चालणे निराळे आणि हा चढ निराळा, हे पहिल्या शे-दोनशे पायऱ्यांतच कळते.

या वाटेचे सार महादरवाजात आहे. दोन प्रचंड बुरुजांच्या बेचक्यात तो असा वळवून बसवला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. शत्रू तेथे पोचेल तो दमलेला असेल, अरुंद वाटेवर अडकलेला असेल आणि दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडलेला असेल. ही योजना पुस्तकातून पाठ होते. पण आपलीच छाती भात्यासारखी चालू लागली, की ती खऱ्या अर्थाने समजते. १६७४ च्या राज्याभिषेकासाठी हाच गड का, याचे निम्मे उत्तर या चढावरच मिळते.

रोपवे १९९६ पासून चालू आहे. तो हिरकणीवाडीतून निघतो. कडा उतरून तान्हुल्याकडे गेलेल्या गवळणीची आख्यायिका जिच्या नावाशी जोडलेली, त्याच वाडीतून आज माणसे बसल्या जागी कडा चढतात! त्याची रचना आपल्या विहिरीवरच्या रहाटासारखी आहे. दोराच्या दोन बाजूंना पाळणे असतात. एका बाजूचे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात. एकाचा भार दुसऱ्याला तोलतो आणि यंत्राचे श्रम वाचतात. परंतु यामुळेच एका खेपेत मोजकी माणसे जातात. पन्नास जणांची सहल सुट्टीच्या दिवशी रांगेत उभी राहिली, तर वाचवलेला वेळ खालीच खर्च होतो.

वरचे स्थानक मेणा दरवाजाच्या बाजूला, राणीवशाजवळ आहे. म्हणजे रोपवेचा प्रवासी एकदम राजवाड्याच्या अंगणात उतरतो. महादरवाजा, हत्ती तलाव त्याच्या वाटेवर येतच नाहीत. माझ्या मते हा तोटा लहान नाही.

तरीही 'पायीच' असा नियम करणाऱ्यांशी माझे जमत नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आजीचा जन्म उसाच्या सरीत खुरपण करण्यात गेला. मी तिला रायगडाचा धडा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मला न्हेशील का गं तितं? पर ह्या गुडघ्यांचं काय करू?" तिला कोणता नियम सांगायचा? गडावरची थंड हवा जिजाऊसाहेबांना मानवत नव्हती, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली पाचाडला वाडा बांधला. थोरांच्या प्रकृतीप्रमाणे सोय करणे हे रायगडाच्या रीतीला धरूनच आहे. आजीने रोपवेनेच जावे. मात्र वर गेल्यावरही बाजारपेठेतून जगदीश्वर आणि समाधीपर्यंत बरेच चालावे लागते, हे तिला आधी सांगितले पाहिजे.

धडधाकटांनी पायऱ्यांनी चढावे आणि हवे तर रोपवेने उतरावे. गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो. प्रत्येक पायरीवर अंगाचा भार त्यांच्यावर आदळतो. पण परतीचा सगळा भरवसा दोरावर ठेवू नये. वारा वाढला की पाळणे थांबवावे लागतात. पायऱ्याही पावसात भरवशाच्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये ढगफुटीसारख्या पावसाने त्यांवरून लोंढे वाहिले, पर्यटक अडकले आणि गड काही काळ बंद ठेवावा लागला. २०२५ साली रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून नवख्या माणसांचीही ओढ वाढली असणार. त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

आपल्या सहलीला डिसेंबर-जानेवारी उत्तम. सांगवीहून फलटण, लोणंद, शिरवळ, भोर आणि वरंधा घाटाने महाड, तेथून पाचाड. भोरच्या पुढे रस्ता नीरा-देवघर धरणाच्या कडेने जातो. आपल्या शिवारात येणारी नीरा याच डोंगरांतून निघते. मध्यरात्री निघावे, म्हणजे उन्हे तापायच्या आत महादरवाजा गाठता येतो. प्रत्येकाजवळ दोन बाटल्या पाणी आणि भाकरी-चटणी असावी. सरांपैकी कोणाला चढ झेपणार नसेल, तर त्यांच्यासोबत दोघांनी रोपवेने जावे आणि बाकीच्यांची वाट गंगासागर तलावापाशी बघावी.